गावाचा पैसा आणि गावाचे वाचनालय



व्याख्यानमालेच्या चालकांचे बोलावणे आले तेव्हा आमची पहिली समजूत अशी झाली की पत्ता चुकला असावा. या व्यासपीठावर प्राध्यापक येतात, वकील येतात, डॉक्टर येतात. आमचे शिक्षण मराठी सातवीपर्यंतचे. त्यापुढचे जे काही झाले ते बिडी कारखान्याच्या पडवीत. भाषण करण्याची सवय आम्हांला नाही असे नाही. पण ती कारखान्याच्या फाटकापुढे उभे राहून करण्याची. तेथे श्रोते खुर्च्यांवर बसत नाहीत आणि अध्यक्षांच्या जागी बहुधा पोलीस शिपाई असतो. तेव्हा बोलण्यात काही आडवेतिडवे आले तर ते सवयीचे समजून पदरात घ्यावे.

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेची प्रथा घातली. उन्हाळ्याच्या दिवसांत, संध्याकाळी, दिवसाची कामे आटोपल्यावर लोकांनी एकत्र बसून सार्वजनिक प्रश्नांचा विचार करावा, ही कल्पनाच मोठी सुंदर आहे. ‘कामे आटोपल्यावर’ हे शब्द आपण ध्यानात ठेवावेत. आमच्या आजच्या साऱ्या बोलण्याची मेख तेथेच आहे.

आम्हांला दिलेला विषय असा: आपल्यासारख्या लहान गावाने नव्या वाचनालयावर सार्वजनिक पैसा खर्च करावा की नाही? गावात सध्या या प्रश्नावर दोन तट पडले आहेत, हे आपण जाणताच. एक तट म्हणतो, देखणी इमारत उभी राहिली पाहिजे, त्यात गावाची शोभा आहे. दुसरा म्हणतो, पैसा काय झाडाला लागला आहे? दोन्ही तटांची काही मंडळी पुढच्या रांगेत शेजारी शेजारी बसलेली आम्हांला दिसत आहेत. आमचे म्हणणे ऐकल्यावर कदाचित दोघेही आमच्यावर रागावतील, म्हणजे निदान एका गोष्टीवर तरी त्यांचे एकमत होईल.

प्रथम विरोधाची बाजू ऐकू. ती आम्ही कोणा पुढाऱ्याच्या तोंडून ऐकली नाही. आमच्या युनियनच्या सभासद असलेल्या एका बाईंनी ती आम्हांला नळावर ऐकवली. हंडा उचलता उचलता त्या म्हणाल्या, “दादा, नळाला चार दिवसांनी पाणी येतंय आणि तुम्ही पुस्तकं कसली आणताय?” तीस वर्षे मालकांशी वाद घालून आमची जीभ तशी घासलेली आहे. पण त्या दिवशी आमच्यापाशी उत्तर नव्हते. आधी पोटोबा, मग विठोबा, असे आपल्याकडे म्हणतात ते काही खोटे नाही. पाण्याचा हंडा डोक्यावर असलेल्या माणसाला ज्ञानाची महती सांगणे हे पोट भरलेल्याचे काम आहे. तेव्हा त्या बाईंना काय उत्तर द्यावे, याचा शोध घेतच आजचे व्याख्यान आम्ही तयार केले.

सुरुवात थोडी दूरून करतो. सार्वजनिक पैशातून वाचनालय हा प्रश्न काही आपल्याच गावात प्रथम उपजलेला नाही. इंग्लंडात तो १८५० साली पार्लमेंटात आला. विल्यम यूअर्ट या सभासदांनी विधेयक आणले की, नगरपालिकांना वाचनालयासाठी करातून पैसा खर्चिता यावा. केवढा गहजब झाला! कोणी म्हणाले, कर भरून लोक आधीच टेकीस आले आहेत. कोणी म्हणाले, ही वाचनालये चळवळ्यांच्या सभांचे अड्डे होतील. कर्नल सिबथॉर्प नावाच्या एका सभासदांनी तर सांगून टाकले की आपल्याला वाचनच मुळी आवडत नाही, ऑक्सफर्डला असताना तर त्याचा तिटकारा होता. माणूस प्रामाणिक खरा. आजकाल असे उघड कोणी म्हणत नाही. अंदाजपत्रकात ते न बोलता करता येते.

अखेर कायदा झाला, पण हातपाय बांधून. दहा हजारांवर वस्तीच्या गावांनाच ही मुभा. करदात्यांपैकी दोनतृतीयांश मते अनुकूल पडली पाहिजेत. आणि कर पौंडाला अर्धा पेनी, त्याहून अधिक नाही. यापुढची अट मात्र आपण कान देऊन ऐकावी. या पैशातून इमारत घ्यावी, दिवाबत्ती करावी, नोकर ठेवावेत. पण पुस्तक मात्र एकही विकत घेता येणार नाही! पुस्तके काय, कोणी दानशूर देतीलच, असा कायदा करणाऱ्यांचा हिशेब. विहीर बांधून द्यायची आणि पाणी शेजाऱ्यांकडून मागून आणून ओतायचे, असाच हा प्रकार झाला. पाच वर्षांत चूक उमगली. १८५५ साली कायदा बदलून कराची मर्यादा एक पेनी केली आणि पुस्तके घेण्याची मोकळीक दिली.

या कायद्याखाली मँचेस्टर या कापडगिरण्यांच्या गावी १८५२ साली वाचनालय उघडले. त्यासाठी नवी इमारत बांधली गेली नाही. रॉबर्ट ओवेनच्या अनुयायांनी बांधलेले एक जुने सभागृह होते, तेच वर्गणी करून विकत घेतले. वर्गणीत श्रीमंतांबरोबर कामगारांचाही पैसा होता. त्या वाचनालयाचे पहिले ग्रंथपाल एडवर्ड एडवर्ड्‌स. हे गृहस्थ तरुणपणी गवंडीकाम शिकलेले होते. विटा रचता रचता स्वतःच्या हिमतीवर वाचीत गेले, ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात नोकरीस लागले आणि यूअर्टसाहेबांच्या समितीपुढे साक्ष देऊन त्यांनीच हा कायदा होण्यास मोठा हातभार लावला. पंचवीस वर्षांनी ते सभागृह निकामी ठरले आणि १८७७ साली वाचनालय जुन्या नगरभवनात गेले, म्हणजे पुन्हा जुनीच इमारत. आज मँचेस्टरला जे भव्य गोल ग्रंथालय आहे ते उघडले १९३४ साली. आधी वाचक आले, मग पुस्तके वाढली, मग ऐंशी-ब्याऐंशी वर्षांनी भव्य इमारत आली. आपण कळसापासून आरंभ करावयास निघालो आहोत.

आता जरा घराजवळ येऊ. १८७५ सालीच, म्हणजे पुण्यास ही व्याख्यानमाला सुरू झाली त्याच वर्षी, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा बारा वर्षांचा एक मुलगा बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. तोवर त्याला लिहिण्यावाचण्याचा गंध नव्हता. हेच सयाजीराव गायकवाड. त्यांनी १९०६ साली आपल्या साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मग त्यांच्या ध्यानात आले की शाळा सुटल्यावर हाताशी पुस्तक नसेल तर शिकलेले अक्षर पुसून जाते. म्हणून १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून घेतले आणि राज्यभर मोफत वाचनालयांचे जाळे विणावयास आरंभ केला. गावाने रक्कम जमवावी, सरकारी तिजोरीतून त्यात भर पडावी, अशी रीत घातली. जेथे वाचनालय नव्हते तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या पाठवल्या जात. एक पेटी वाचून झाली की ती पुढच्या गावी जाई. स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी वेगळी सोय केली. राजा होता, वाटेल तेवढे महाल त्याला बांधता येत होते, आणि त्याने ते बांधलेही. पण खेड्याला त्याने महाल धाडला नाही, पेटी धाडली. यातले शहाणपण आम्हांला फार मोठे वाटते.

महाराष्ट्रात वाचनालयांची परंपरा जुनी आहे. रत्नागिरीस १८२८ साली, नाशिकला १८४०, पुण्यास १८४८ आणि कोल्हापुरास १८५० साली वाचनालये निघाली. ती काढणारे लोक मोठ्या तळमळीचे होते. पण ती वर्गणीदारांची वाचनालये होती. वर्गणी भरणारास पुस्तक; न भरणारास दाराबाहेरून नमस्कार. पुढे १९६७ साली आपल्या राज्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. त्यापूर्वी १९४८ साली मद्रास प्रांताने, डॉ. रंगनाथन यांच्या खटपटीने, देशातला पहिला असा कायदा केला होता आणि त्यात घरपट्टीवर ग्रंथालयाचा उपकर बसवला होता. पुढे आंध्र आणि कर्नाटक यांनीही उपकर घेतला. आपल्या कायद्याने तो घेतला नाही. आपल्याकडे संस्थांनी वाचनालय चालवावे, सरकारने त्याची अ, ब, क, ड अशी प्रतवारी करून अनुदान द्यावे, असा मार्ग ठरला. त्यामुळे गावोगाव वाचनालये झाली, हे त्याचे पुण्य. पण वाचनालय हे गावाचे कर्तव्य न राहता संस्थेच्या चालकांची हौस आणि सरकारची मेहेरबानी झाली, हा त्याचा दोष.

राज्यघटनेतही एक गंमत आहे. पंचायती आणि नगरपालिका यांच्या कामांच्या याद्या घटनेला १९९२ साली जोडल्या गेल्या. अकराव्या परिशिष्टात खेड्यांच्या पंचायतींची कामे आहेत. त्यात ‘ग्रंथालये’ असे स्पष्ट लिहिले आहे. बाराव्या परिशिष्टात नगरपालिकांची कामे आहेत. त्यात बागा आहेत, क्रीडांगणे आहेत, स्मशाने आहेत, कत्तलखाने आहेत, कोंडवाडासुद्धा आहे. ग्रंथालय हा शब्द नाही. शिक्षण आणि संस्कृती यांचे संवर्धन असे एक मोघम कलम आहे, त्याच्या पोटात ते बसवता येते. पण चुकार गुरांची सोय नाव घेऊन करावी आणि वाचणाऱ्या माणसाची मोघमात, हे पाहून आम्हांला हसावे की रडावे ते कळेना.

असो. कायद्याचे पुरे. आता आमच्या स्वतःच्या दोन गोष्टी सांगतो. त्या सांगितल्यावाचून या विषयावर बोलण्याचा आम्हांला हक्क पोचत नाही.

बिडी कारखान्याच्या पडवीत आम्ही बसू लागलो तेव्हा मिसरूड फुटलेले नव्हते. दुपारी वर्तमानपत्र आले की जुनी माणसे म्हणत, “पोरा, सूप ठेव बाजूला, वाच.” आम्ही मोठ्याने वाचीत असू आणि तेवढ्या वेळातल्या आमच्या वाटच्या बिड्या ते वळून देत. पुढे कळले की केरळात कण्णूरच्या बिडी कामगारांत ही रीतच होती. आणि तिकडे समुद्रापार क्यूबात चिरुटाच्या कारखान्यांत १८६५ सालापासून कामगार स्वतःच्या मजुरीतून पैसे काढून वाचणारा नेमीत. तेव्हा गरिबाला वाचन नको असते, असे कोणी आम्हांला सांगू नये. ज्याला अक्षर येत नाही तोही ऐकण्यासाठी आपल्या घामाचे मोल देतो, हे आम्ही पाहिले आहे.

त्या काळी छाटीचा मोठा जुलूम होता. छाट म्हणजे, वळलेल्या बिड्यांतून ‘खराब’ म्हणून बाजूला काढलेल्या बिड्या. त्यांची मजुरी मिळत नसे आणि बिड्या मात्र परत मिळत नसत. एके दिवशी आम्ही ठेकेदाराला विचारले, ही छाट किती काढायची याला काही नियम आहे की नाही? तो हसून म्हणाला, “कायद्यात कुठे लिहिले आहे ते दाखव.” आम्ही गावच्या वाचनालयाकडे गेलो. ते सहाला बंद होई आणि आमचे काम सुटे सातला. तेथल्या ग्रंथपालांनी आमचा अवतार पाहिला. तंबाखूचा वास अंगाला, वर्गणी भरलेली नाही, अनामत नाही. तरी म्हणाले, “उद्या ये, मी अर्धा घंटा थांबतो.” एक तास आम्ही हजेरी बुडवली, अर्धा तास ते थांबले, आणि १९६६ चा बिडी व सिगार कामगारांचा कायदा व त्याखालचे नियम त्यांनी कपाटातून काढून आमच्यापुढे ठेवले. छाटीला मर्यादा असल्याचे त्यात छापलेले होते. ते आम्ही वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर उतरून घेतले आणि दुसऱ्या दिवशी पडवीत मोठ्याने वाचले. छाट बंद झाली असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या दिवसापासून ती मोजली जाऊ लागली. आमच्या युनियनचा जन्म सभेत झाला नाही, त्या अर्ध्या तासात झाला.

आणि आता लाज वाटण्याजोगी गोष्ट. त्या ग्रंथपालांना मिळणारा पगार आमच्या हातच्या चांगल्या कामगाराच्या मजुरीहून कमी होता, हे आम्हांला फार वर्षांनी कळले. ना वेतनश्रेणी, ना निवृत्तिवेतन. साऱ्या गावाच्या मजुरीसाठी आम्ही भांडलो. त्यांच्यासाठी एक साधा अर्जही केला नाही. वाचनालयात पुस्तके असतात, तेथे मजूरही असतो, हे मजुरांच्या पुढाऱ्यालाच दिसले नाही. अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयांतले सेवक वेतनश्रेणी मागत आले त्याला आता कित्येक वर्षे झाली आहेत.

दुसरी गोष्ट आमच्या युनियनची. वीसएक वर्षांपूर्वी आमच्या हाती थोडा पैसा आला. आम्ही कचेरीला लागून एक खोली बांधली, तिच्यावर ‘कामगार वाचनालय’ अशी पाटी लावली, दोन लोखंडी आणि एक लाकडी कपाट घेतले, समारंभ केला, पेढे वाटले. पुस्तकेही आणली. पण माणूस नेमला नाही. किल्ली आमच्या खिशात. आणि आम्ही आज तहसील कचेरीत, उद्या कामगार न्यायालयात, परवा मुंबईस. पहिल्या वर्षी लोक येऊन कुलूप पाहून परत गेले. दुसऱ्या वर्षी यायचे थांबले. मग खोलीत झेंडे आणि फलक ठेवू लागलो. पाच वर्षांनी लाकडी कपाट उघडले, तर वाळवीने आमच्यापेक्षा जास्त वाचन केलेले! तेव्हा इमारत म्हणजे वाचनालय ही चूक दुसऱ्या कोणी केली असे आम्ही म्हणत नाही. ती आम्ही स्वतः, आमच्या सभासदांच्या पैशाने केलेली आहे.

यातून आम्ही शिकलो ते एवढेच: वाचनालय म्हणजे उघडे दार, आणि ते दार रोज उघडणारा पगारी माणूस. बाकी सारे मागाहून.

आता हिशेब मांडू. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतो. समजा, गावाची वस्ती चाळीस हजार. डोईमागे महिन्याला दोन रुपये वाचनालयासाठी बाजूला काढले. वर्षाचे झाले नऊ लाख साठ हजार. एका ग्रंथपालास महिना पंचवीस हजार, म्हणजे वर्षाचे तीन लाख. एका मदतनिसास महिना अठरा हजार, म्हणजे दोन लाख सोळा हजार. उरले चार लाख चव्वेचाळीस हजार. त्यात वीज, वर्तमानपत्रे, मासिके आणि दरसाल नवी पुस्तके. महिन्याला दोन रुपये! यात अर्धा कप चहादेखील येत नाही. इमारतीसाठी मात्र कोटीच्या घरातली रक्कम लागेल, आणि ती एकदा दगडविटांत गेली की दार उघडणाऱ्याच्या पगाराला तिजोरीत खडखडाट. इमारतीचा खर्च एकदाच होतो, तिला कोनशिला लागते, कोनशिलेवर नावे लागतात. पगार दरमहा द्यावा लागतो आणि पगारपत्रकावर कोणाचे नाव कोरता येत नाही. म्हणून इमारती होतात आणि वाचनालये होत नाहीत. हे आम्ही कोणा एका पक्षास उद्देशून म्हणत नाही. आमच्या खोलीवरही कोनशिला आहे, तिच्यावर आमचेही नाव आहे.

मग जागा? जागा आहे. पट कमी झाल्यामुळे नगरपरिषदेच्या शाळेच्या खोल्या रिकाम्या पडल्या आहेत. डागडुजी, चुना, पंखे, दिवे आणि स्त्रियांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह, एवढे केले की पुरे. भिलार या महाबळेश्वराजवळच्या गावी २०१७ साली सरकारने पुस्तकांचे गाव केले, ते लोकांच्या राहत्या घरांत, देवळांत आणि शाळेत पुस्तके ठेवूनच. पुस्तकाला गावातली साधी खोली चालते.

काही तरुण मित्र म्हणतात, आता वाचनालय हवेच कशाला? सगळे मोबाइलमध्ये आहे. या आक्षेपाची आम्ही थट्टा करणार नाही. आम्हीही ते यंत्र वापरतो. पण घरात मोबाइल एक, तो मुलाच्या हातात, आणि बिडी वळणाऱ्या आईच्या वाट्याला तो येतो रात्री अकराला. शिवाय मोबाइल आपल्यापुढे वाढतो ते त्याच्या मर्जीचे. आपल्याला हवे ते त्यात शोधायचे तर काय शोधावे हे आधी ठाऊक असावे लागते. संसदेने २९ कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता केल्या. एक २०१९ साली आणि तीन २०२० साली. ज्या १९६६ च्या कायद्याने आम्हांला उभे केले तो त्यांतच विरघळला. आज एखाद्या पोरीने विचारले, “दादा, नव्या संहितेत आमच्यासाठी काय आहे?” तर तिला मराठी प्रत पुढे ठेवून पान काढून दाखवणारा माणूस गावात कोठे बसतो? यंत्रात माहिती असते, हे कबूल. पण “उद्या ये, मी थांबतो,” असे यंत्र म्हणत नाही.

जागेची गोष्ट त्याहून महत्त्वाची. डॉ. आंबेडकर शाळकरी वयात मुंबईस चाळीच्या एका खोलीत राहत. घरात अभ्यासास जागा नाही, म्हणून चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचीत बसत. तेथे कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना हेरले आणि पुस्तके दिली. आपण त्या भेटीची धन्यता मानतो, आणि मानावीच. पण बागेतल्या बाकावर बसून ज्यांना कोणी केळुसकर भेटले नाहीत, त्या मुलांचे काय झाले असेल, याचा विचार करीत नाही. आज आपल्या गावातली मुले स्पर्धा परीक्षांसाठी महिन्याचे पैसे भरून खाजगी अभ्यासिकेत खुर्ची भाड्याने घेतात. ज्याचा बाप पैसे भरतो त्याला खुर्ची. मुलींना तर संध्याकाळ झाली की खुर्ची असून उपयोग नाही. गावाने वाचायची जागा द्यावी की न द्यावी, हा प्रश्न पुस्तकांचा जितका आहे तितकाच बाकाचा आणि दिव्याचा आहे.

तेव्हा नगरपरिषदेपुढे आमचे मागणे असे. आम्ही मागणीपत्रके लिहिण्यात आयुष्य घालवले, तेव्हा हेही त्याच धाटणीचे झाले तर हसू नये. पहिले, इमारतीचा ठराव बाजूला ठेवून अंदाजपत्रकात वाचनालयाचे कायमचे खाते काढावे आणि दरसाल त्यात ठरावीक रक्कम घालावी. दुसरे, ग्रंथपाल आणि मदतनीस यांना नियमाप्रमाणे पगार, सुट्टी आणि भविष्यनिर्वाह निधी द्यावा. मानधनाच्या नावाखाली त्यांची उपासमार करू नये. तिसरे, वेळ. दहा ते पाच उघडे राहणारे वाचनालय हे दहा ते पाच मोकळ्या असणाऱ्यांचे वाचनालय. आपले सकाळी सात ते दहा आणि दुपारी चार ते रात्री नऊ उघडे असावे, आणि रविवारी तर असावेच. नारायण मेघाजी लोखंडे यांनी झगडून १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. त्या दिवशी कामगाराला वेळ असतो, आणि नेमके त्याच दिवशी वाचनालयाला कुलूप असावे, याहून मोठा विनोद नाही. दोन माणसे असतील तर पाळ्या लावता येतात आणि आळीपाळीने साप्ताहिक सुट्टी देता येते. कारखान्यात ते रोज होते. चौथे, अनामत नको. पुस्तक हरवेल ही भीती खरी आहे, काही हरवतील. पण कपाटात कुजलेले पुस्तकही हरवलेलेच असते, हे आम्ही वाळवीकडून शिकलो. पाचवे, देखरेखीच्या समितीत वाचक असावेत, आणि त्यांत निम्म्या बाया असाव्यात.

पाच वर्षे असे चालवून पाहावे. खोल्या अपुऱ्या पडू लागल्या, मुले पायरीवर बसून वाचू लागली, तर मग बांधा इमारत. त्या दिवशी आम्ही स्वतः डोक्यावर विटा वाहावयास येऊ, आणि कोनशिलेवर कोणाचेही नाव घाला, आमची तक्रार नाही. आणि पाच वर्षांत कोणी फिरकलेच नाही, तर गावाचा कोट रुपया वाचला म्हणून आमचे आभार माना.

शेवटी त्या नळावरच्या बाईंकडे येतो. त्यांना आता आम्ही काय सांगणार? आधी हे सांगू की बाई, इमारतीविषयी तुमचे म्हणणे खरे आहे; तो पैसा नळाला लागला पाहिजे. पण दोन रुपयांच्या वाचनालयाने तुमच्या पाण्याची एक नळीही अडणार नाही. दुसरे असे की, पाणी चार दिवसांनी का येते, हे कोठेतरी लिहिलेले आहे. योजना कधी मंजूर झाली, नळ कोठवर यावयाचा होता, काम कोणी घेतले, पैसा कोठे थांबला, हे सारे कागदावर आहे. ते कागद गावात एके ठिकाणी, उघड्या दाराच्या खोलीत, कामे आटोपल्यावर कोणालाही पाहावयास मिळाले, आणि ते वाचून दाखवणारे माणूस तेथे बसलेले असले, तर नळाची गोष्ट छाटीसारखी होईल. एका दिवसात पाणी येणार नाही. पण दिवस मोजले जाऊ लागतील.

त्या बाईंना अक्षर ओळख थोडी आहे. आम्ही हे त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी हंडा खाली ठेवला आणि एकच गोष्ट विचारली: “रात्री आठला उघडं असेल का?”

अध्यक्ष महाराज, गावापुढे खरा प्रश्न तो आहे. त्याचे उत्तर नगरपरिषदेने ‘हो’ असे द्यावे, एवढे मागून आम्ही आपली रजा घेतो.